यंत्राची नाडी : सर्व्हर रूमवरील पहाऱ्याचा इतिहास

#थ्रेड

१/
३ जून १९८०. मध्यरात्र उलटून गेलेली. अमेरिकेत ओमाहा शहराजवळ असलेल्या सामरिक हवाई दलाच्या मुख्यालयात पडद्यावर एक इशारा उमटला : पाणबुड्यांवरून सुटलेली दोन क्षेपणास्त्रे अमेरिकेच्या दिशेने येत आहेत. काही क्षणांत तो आकडा वाढला. अण्वस्त्रवाहू विमानांचे वैमानिक धावत आपापल्या विमानांत जाऊन बसले, इंजिने सुरू झाली. प्रशांत महासागर विभागाचे उडते नियंत्रणकेंद्र तर आकाशात झेपावलेही. प्रत्यक्षात कोणीही काहीही डागलेले नव्हते. दोष होता एका संगणकातील अवघ्या ४६ सेंट किमतीच्या चिपचा.

२/
अब्जावधी डॉलर खर्चून उभारलेल्या त्या यंत्रणेत एक चिप नादुरुस्त झाली आहे, हे कोणाच्याच लक्षात का आले नाही? त्याचे उत्तर शोधायचे तर एका दुर्लक्षित शास्त्राचा इतिहास पाहावा लागतो : संगणकाच्या प्रकृतीवर आणि तो ज्या खोलीत उभा असतो त्या खोलीच्या हवेवर पहारा ठेवण्याचे शास्त्र. या इतिहासातून एकच सूत्र पुन्हा पुन्हा पुढे येते. यंत्र विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला होता, हे मात्र माणसाला बहुधा अपघात झाल्यावरच उमगते.

३/
आरंभ १९४६ मध्ये, फिलाडेल्फियात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ‘एनिॲक’ या संगणकात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या. प्रत्येक नळी म्हणजे एक लहानसा तापलेला दिवाच. हे यंत्र १५० किलोवॅटच्या आसपास वीज खात असे, आणि त्या विजेची अखेर उष्णतेतच होत असे. तत्कालीन तज्ज्ञांचा आक्षेप साधा होता : इतक्या नळ्या एकत्र जोडल्या तर त्यांतली एक ना एक सतत जळत राहील आणि यंत्र सलग चालणारच नाही.

४/
त्या आक्षेपाला उत्तर दिले मुख्य अभियंता प्रेस्पर एकर्ट याने. त्याने नळ्यांना त्यांच्या क्षमतेपेक्षा कमी विद्युतदाब दिला, म्हणजे त्यांच्यावर ताण कमी पडावा. यंत्र बंद-चालू करताना नळ्या थंड-गरम होऊन अधिक फुटतात हे ध्यानी आल्यावर ते शक्यतो बंदच न करण्याचा परिपाठ पडला. उष्णता बाहेर काढण्यासाठी मोठे पंखे बसवले गेले. यंत्राच्या कपाटांत तापमापी कळा होत्या. उष्णता ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की त्या वीजपुरवठा आपोआप तोडत. संगणकाच्या प्रकृतीवर यंत्रानेच ठेवलेला हा अगदी आरंभीचा पहारा होय.

५/
तरीही सरासरी दोन दिवसांत एखादी नळी जातच असे. ती कोणती, हे शोधण्याचे काम माणसांचे होते. एनिॲकवर काम करणाऱ्या पहिल्या सहा प्रोग्रॅमर स्त्रिया होत्या : कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. त्यांनी यंत्राच्या जोडणीचा इतका कसून अभ्यास केला होता की उत्तर चुकले तर हजारो नळ्यांतून नेमकी दोषी नळी त्या हुडकून काढू शकत. वैद्याने नाडीवरून रोग ओळखावा, तशीच ही विद्या होती. इतिहासाने मात्र त्यांची नावे कित्येक दशके नोंदलीच नाहीत.

६/
आता ९ सप्टेंबर १९४७. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या संगणकात रिले, म्हणजे विजेने उघड-मीट करणाऱ्या यांत्रिक कळा, वापरल्या होत्या. त्या दिवशी एका रिलेमध्ये मेलेला पतंग सापडला. तंत्रज्ञांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवला आणि शेजारी मिस्कील टीप लिहिली. बिघाडाला ‘बग’ म्हणण्याची रीत त्याआधीपासूनच होती. येथे तो शब्द अक्षरशः खरा ठरला. ते पान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जतन केलेले आहे.

७/
विनोद म्हणून ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, पण तिच्यातला खरा धडा सहसा सुटतो. पतंग यंत्राचा भाग नव्हता, तो खोलीतून आला होता. धूळ, कीटक, ओलावा, उष्मा यांचे यंत्राच्या आरोग्याशी थेट नाते आहे, याचा तो ठसठशीत पुरावा होता. दुसरा धडा नोंदवहीचा. दिनांक, वेळ, जागा आणि कारण लिहून ठेवण्याची शिस्त तेथे होती, म्हणूनच आज तो प्रसंग ठाऊक आहे. आधुनिक सर्व्हर दर क्षणाला जी ‘लॉग’ लिहितो, तो याच वहीचा वंशज.

८/
त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग हा गणितज्ञ वेगळ्याच कारणाने वैतागला होता. शनिवार-रविवारी तो आपली गणिते रिले-संगणकावर लावून जाई. यंत्राला चूक ओळखता येत असे, परंतु ती सुधारता येत नसे. चूक दिसली की ते गणित सोडून देऊन पुढच्याकडे वळे, आणि सोमवारी हॅमिंगच्या हाती काहीच लागत नसे. यंत्राला चूक झाल्याचे कळते, तर ती नेमकी कोठे झाली हे का कळू नये, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. १९५० मध्ये त्याने चूक शोधून दुरुस्त करणारी संकेतपद्धती प्रसिद्ध केली. आजच्या सर्व्हरमधील ‘ईसीसी’ मेमरीचे मूळ तेथे आहे.

९/
यापुढचे पाऊल मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एमआयटीत पडले. ‘व्हर्लविंड’ हा संगणक तेथे जे फॉरेस्टर याच्या नेतृत्वाखाली आकाराला येत होता. तो चालू घडामोडींना तत्काळ प्रतिसाद देण्यासाठी बांधला जात होता, तेव्हा मध्येच बंद पडणे परवडणारे नव्हते. फॉरेस्टरच्या गटाने एक युक्ती योजली. ठरावीक वेळी यंत्राचा विद्युतदाब मुद्दाम कमी-जास्त करायचा आणि चाचणीची गणिते सोडवून घ्यायची. धडधाकट नळ्या हा ताण सोसत. झिजू लागलेल्या नळ्या मात्र याच वेळी उघड्या पडत, आणि प्रत्यक्ष कामात दगा देण्याआधीच बदलल्या जात.

१०/
या पद्धतीला ‘मार्जिनल चेकिंग’ असे नाव मिळाले. तिचे महत्त्व असे की येथे प्रश्नच बदलला. तोवर विचारले जाई, ‘काय बिघडले?’ आता विचारले जाऊ लागले, ‘काय बिघडण्याच्या बेतात आहे?’ आज हार्ड डिस्क निकामी होण्याआधी जी सूचना येते, तिच्यामागची कल्पना हीच. चालू यंत्राला जाणूनबुजून ताण देऊन त्याच्या दुबळ्या जागा शोधण्याचे धाडस त्या काळी अनेकांना विचित्र वाटले असेल. परंतु त्या विचित्र कल्पनेवरच पुढे एका खंडाचे हवाई संरक्षण उभे राहिले.

११/
ते संरक्षण म्हणजे १९५८ पासून कार्यरत झालेली ‘सेज’ ही प्रणाली. सोव्हिएत बाँबफेकी विमानांवर नजर ठेवण्यासाठी उत्तर अमेरिकेत वीसहून अधिक केंद्रे उभारली गेली. एकेका केंद्रातील संगणकसंचात सुमारे ४९ हजार निर्वात नळ्या होत्या. प्रत्येक संच जोडीचा : एक यंत्र कामावर, दुसरे राखीव. राखीव यंत्राची चाचणी अखंड चाले आणि कमजोर नळ्या वेचून काढल्या जात. एनिॲकच्या दुपटीहून अधिक नळ्या असूनही ही केंद्रे वर्षाकाठी फार थोडे तास बंद राहिली, ती या शिस्तीमुळे.

१२/
त्याच सुमारास मुंबईतही हा प्रयोग घडत होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण चमूने संपूर्ण संगणक स्वतः रचला. १९६० मध्ये तो कामाला लागला आणि पुढे ‘टिफ्रॅक’ या नावाने ओळखला गेला. त्यात २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. पोलादी सांगाड्याला दोन्ही बाजूंनी दारे ठेवलेली होती, कारण कोणताही मंडलभाग हाताशी येणे आवश्यक होते. बिघाड होणारच हे गृहीत धरून केलेली ती रचना होती.

१३/
आतापर्यंतचा पहारा यंत्राच्या पोटातला होता. खोलीकडे जगाचे लक्ष वळले ते आगीमुळे. २ जुलै १९५९ रोजी अमेरिकेच्या संरक्षण मुख्यालयात, पेंटॅगॉनमध्ये, हवाई दलाच्या संगणक विभागाला आग लागली. संगणक तर जळालेच, पण सुमारे सात हजार चुंबकीय फितीही नष्ट झाल्या. यंत्र पुन्हा विकत घेता येते. फितींवरची माहिती मात्र दुसरीकडे उतरवून ठेवली नसेल तर कायमची जाते. हा फरक राज्यकर्त्यांना त्या दिवशी राखेच्या ढिगाऱ्यातून समजला.

१४/
त्यातून १९६०च्या दशकाच्या आरंभी संगणक-कक्षांच्या अग्निसंरक्षणासाठी ‘एनएफपीए ७५’ हा स्वतंत्र मानदंड तयार झाला. कक्षाच्या भिंती कशाच्या असाव्यात, फिती कोठे ठेवाव्यात, धुराची चाहूल लवकर कशी घ्यावी, वीज एका ठिकाणाहून कशी तोडावी, अशा बाबींना प्रथमच नियमांचे रूप आले. यंत्रांखाली असलेली उचललेली जमीन, जिच्या पोकळीतून तारा आणि थंड हवा जाते, ती सोयीची खरी. पण त्या पोकळीत लागलेली आग डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पहारेकरी संवेदक जमिनीखालीही गेले.

१५/
हवा कोरडी असो वा दमट, संगणकाला दोन्हींचा जाच. हवा फार कोरडी झाली की स्थिर वीज साठते आणि माणसाच्या बोटातून उडालेली अदृश्य ठिणगी चिपचा घात करते. फार दमट झाली की धातूचे सांधे गंजतात, थंड पृष्ठभागावर दव धरते. पूर्वी तर छिद्रपत्रे, म्हणजे पंचकार्डे, दमट हवेत फुगून यंत्रात अडकत. मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारूला ओल लागू देऊ नये आणि आठ-पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून ऊन द्यावे, अशी आज्ञा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहेच. अमोल वस्तू सांभाळायची तर तिच्या कोठाराची हवाही सांभाळावी लागते.

१६/
साधे वातानुकूलन माणसांच्या सुखासाठी असते. माणसाला दोन-चार अंश इकडे-तिकडे चालतात, संगणकाला ती मोकळीक नव्हती. १९६५ मध्ये ओहायोतील राल्फ लीबर्ट याने केवळ संगणक-कक्षासाठी, तापमान आणि आर्द्रता दोन्ही अचूक राखणारे यंत्र बाजारात आणले. संगणकाची खोली ही स्वतंत्र हवामानाची जागा आहे, ही कल्पना तेव्हापासून रुजली. पुढे १९९२ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट सुलिव्हन यांनी कपाटांच्या रांगा समोरासमोर आणि पाठीला पाठ लावून मांडण्याची रीत सुचवली. परिणामी थंड हवेची आणि तप्त हवेची गल्ली वेगळी झाली, आणि मोजमापही कोठे घ्यायचे ते ठरले : सर्व्हर जेथून हवा आत ओढतो, तेथे.

१७/
आता पुन्हा १९८० कडे. त्या रात्रीच्या चौकशीत जे निघाले ते अधिक अस्वस्थ करणारे होते. कोलोरॅडोतील नोरॅड केंद्र आपली दळणवळणाची वाहिनी जिवंत आहे ना, हे तपासण्यासाठी अखंड चाचणी-संदेश पाठवत असे. त्या संदेशाचा साचा खऱ्या हल्ल्याच्या इशाऱ्यासारखाच होता. फक्त क्षेपणास्त्रांच्या संख्येच्या जागी शून्ये असत. चिप बिघडली आणि शून्यांच्या जागी २ हा अंक पडू लागला. पाठवलेला संदेश आणि प्रत्यक्ष बाहेर पडलेला संदेश एकच आहे का, हे ताडून पाहण्याची तेथे सोय नव्हती.

१८/
थोडक्यात, ज्या संदेशाने ‘सर्व ठीक आहे’ असे सांगायचे, त्यानेच ‘युद्ध सुरू झाले’ असे सांगितले. ६ जूनला तोच प्रकार पुन्हा घडला, आणि त्यानंतर दोषी चिप सापडली. सुदैवाने रडार आणि उपग्रह यांच्याकडून हल्ल्याला दुजोरा मिळत नव्हता, म्हणून अधिकाऱ्यांनी पडद्यावर विश्वास ठेवला नाही. नंतर चाचणी-संदेशाचा साचा बदलण्यात आला आणि संदेशांची शुद्धता तपासण्याची पद्धत घालण्यात आली. पहाऱ्यावर पहारा कोण ठेवणार, हा प्रश्न तोवर कोणी विचारलाच नव्हता.

१९/
१९८०च्या दशकात संगणक मोठ्या दालनांतून निघून कार्यालयांच्या कोपऱ्यांत, कपाटांत आणि जिन्याखालच्या खोल्यांत गेले. प्रत्येकाशेजारी तंत्रज्ञ बसवणे अशक्य झाले. दुरूनच यंत्राची खुशाली विचारण्यासाठी समान भाषा हवी होती. १९८८ मध्ये ‘एसएनएमपी’ या नावाने ती आली. कोणत्याही कंपनीचे यंत्र असो, त्याला ठरावीक पद्धतीने ‘तुझा पंखा फिरतो आहे का, तुझी वाहिनी सुरू आहे का’ असे विचारता येऊ लागले. तात्पुरती सोय म्हणून जन्मलेली ही भाषा आजही असंख्य यंत्रे बोलतात.

२०/
यानंतर हार्ड डिस्क बोलकी झाली. वेगाने फिरणारी तबकडी आणि तिच्यावर केसाहून कमी अंतरावर तरंगणारे वाचक-शीर्ष, हा सर्व्हरचा सर्वांत नाजूक अवयव. १९९२ मध्ये आयबीएमने बिघाडाचा आगाऊ अंदाज देणाऱ्या डिस्का आणल्या. १९९५ मध्ये कॉम्पॅकने डिस्क-उत्पादकांच्या साहाय्याने तशीच पद्धत सर्वांसाठी खुली केली आणि तिच्यातून ‘स्मार्ट’ हे मानक घडले. किती कप्पे खराब होऊन बदलावे लागले, तबकडी वेग घ्यायला किती वेळ घेते, तापमान किती आहे, याची नोंद डिस्क स्वतःच ठेवू लागली. फॉरेस्टरची कल्पना आता डिस्कच्या पोटात जाऊन बसली होती.

२१/
एक अडचण मात्र उरलीच होती. सर्व्हरच निपचित पडला तर त्याची खबर कोण देणार? १९९८ मध्ये इंटेल, डेल, ह्युलेट-पॅकर्ड आणि एनईसी यांनी मिळून ‘आयपीएमआय’ हे मानक जाहीर केले. त्यानुसार सर्व्हरच्या मुख्य पाटीवर एक स्वतंत्र छोटा नियंत्रक बसू लागला. मुख्य संगणक बंद असला, त्याची कार्यप्रणाली कोसळली असली, तरी हा जागा राहतो. तापमान, विद्युतदाब, पंख्यांचा वेग मोजतो, नोंदी ठेवतो आणि हजारो मैलांवरून आज्ञा आली तर सर्व्हर पुन्हा सुरूही करतो. यंत्रातच राहणारा, पण यंत्राहून स्वतंत्र असा हा पहारेकरी.

२२/
त्या पहारेकऱ्याचीही एक काळी बाजू पुढे आली. मुख्य सर्व्हर बंद असतानाही ज्याला सर्वाधिकार आहेत, तो शत्रूच्या हाती गेला तर? २०१३ मध्ये सुरक्षा-संशोधक डॅन फार्मर यांनी दाखवून दिले की आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीत मूळ रचनेतच त्रुटी आहे. समोरच्याची ओळख पटण्याआधीच नियंत्रक त्याला संकेतशब्दाचा ठसा देऊन बसतो, आणि त्यावरून संकेतशब्द हुडकता येतो. किल्ल्याचा चोरदरवाजा पहारेकऱ्याच्याच खोलीत निघावा, तशी ही गोष्ट. पहाऱ्याच्या यंत्रणा वेगळ्या, बंदिस्त जाळ्यात ठेवाव्यात, हा नियम त्यातून दृढ झाला.

२३/
आकडे जमू लागले, पण ते खरे बोलतात का? २००७ मध्ये गुगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका बाजूने ‘स्मार्ट’ची उपयुक्तता सिद्ध झाली : पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यावर पुढील ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता ३९ पटींनी वाढते. दुसऱ्या बाजूला निम्म्याहून अधिक, ५६ टक्के निकामी डिस्कांनी सर्वांत विश्वासार्ह मानल्या गेलेल्या चार लक्षणांपैकी एकही दाखवले नव्हते. त्या काहीही न सांगता गेल्या.

२४/
त्या अभ्यासाने आणखी एका समजुतीला हादरा दिला. उष्णता वाढली की डिस्का भराभर मरतात, हे सर्वांनी गृहीतच धरले होते. प्रत्यक्षात सर्वसाधारण मर्यादेत तो संबंध अपेक्षेपेक्षा बराच क्षीण निघाला. खोल्या अकारण गारठवून वीज जाळली जात आहे, अशी शंका इतरत्रही बळावत होती. वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘ॲश्रे’ या संस्थेने २००४ मध्ये सर्व्हरच्या तोंडाशी २० ते २५ अंश सेल्सियस हवा असावी, अशी शिफारस केली होती. २००८ मध्ये ती मर्यादा १८ ते २७ अंशांपर्यंत रुंदावली. जुन्या समजुतीची जागा मोजमापाने घेतली, हे या पहाऱ्याचे मोठे श्रेय.

२५/
मोजमाप वाढले की दुसरे संकट येते : इशाऱ्यांचा पूर. हजार यंत्रे, प्रत्येकी डझनभर संवेदक, आणि प्रत्येकाची मर्यादा जरा जास्तच घट्ट बांधलेली. मग रात्रभर संदेश येत राहतात, पहाऱ्यावरचा माणूस ते न वाचताच पुसून टाकू लागतो, आणि खरा इशारा त्याच ढिगात गाडला जातो. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट येथे तंतोतंत लागू पडते. फरक इतकाच की येथे ओरडणारा पोर खोडकर नसतो. कोठे ओरडायचे आणि कोठे गप्प बसायचे, हे त्याला कोणी नीट शिकवलेलेच नसते.

२६/
१० मार्च २०२१. फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक पाच मजली इमारत आगीत संपूर्ण नष्ट झाली. अग्निशामक दलाच्या उष्णतादर्शक कॅमेऱ्यात अखंड वीजपुरवठ्याचे दोन यूपीएस संच पेटलेले दिसले. त्यांतील एकावर आदल्याच दिवशी देखभालीचे काम झाले होते. धुराची सूचना मिळाली होती, परंतु त्या इमारतीत आग आपोआप विझवणारी यंत्रणा नव्हती. अनेक ग्राहकांनी दुसरी प्रतही त्याच आवारात ठेवली होती. पेंटॅगॉनच्या फितींचा धडा ६२ वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला.

२७/
१९ जुलै २०२२. इंग्लंडमध्ये पारा प्रथमच ४० अंशांवर गेला. लंडनच्या गाइज आणि सेंट थॉमस या रुग्णालयांची दोन डेटा सेंटर त्या दिवशी शीतकरण कोसळल्याने बंद पडली. डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी आणि तपासण्यांचे निकाल दिसेनात. कागद-पेनावर कारभार चालला, उपचार आणि भेटी पुढे ढकलाव्या लागल्या, आणि सर्व प्रणाली पूर्वपदावर यायला कित्येक आठवडे लागले. केंद्रे दोन होती, पण दोन्हींच्या डोक्यावर आकाश एकच होते. संवेदक खोलीचे तापमान सांगत होते. खोलीबाहेरचे हवामान बदलले आहे, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

२८/
हा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. आज ऐरोली, रबाळे, महापे हा नवी मुंबईचा पट्टा देशातील डेटा सेंटरांचे प्रमुख केंद्र आहे. समुद्राखालून आलेल्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण. त्याच किनाऱ्यावर खारी, दमट हवा आहे, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंदही आहे. बँकेचा व्यवहार, रेल्वेचे तिकीट, रुग्णालयाचा अहवाल, सातबाऱ्याचा उतारा, सारेच आता कोठल्या ना कोठल्या सर्व्हर रूमच्या हवेवर अवलंबून आहे.

२९/
पाऊण शतकाचा हिशेब मांडला तर मोजण्याची साधने अफाट वाढली. एनिॲकच्या कपाटातील तापमापी कळ ते सर्व्हरमधला सदैव जागा नियंत्रक, हा प्रवास थक्क करणारा आहे. पण प्रत्येक टप्पा पुढे सरकला तो प्रश्न बदलल्यामुळे. हॅमिंगने विचारले, चूक नेमकी कोठे? फॉरेस्टरने विचारले, उद्या काय बिघडेल? पेंटॅगॉनच्या आगीने विचारले, खोलीचे काय? नोरॅडच्या चिपने विचारले, पहारेकऱ्याचे काय? लंडनच्या उन्हाळ्याने विचारले, बाहेरच्या आभाळाचे काय?

३०/
यांपैकी पहिले दोनच प्रश्न माणसांना वेळेवर सुचले. उरलेल्या तिन्हींची किंमत आगीने, भयाने आणि रुग्णांच्या हालांनी मोजली गेली. इतिहास वाचण्याचा एक उपयोग असा की दुसऱ्यांनी मोजलेली किंमत आपल्याला पुन्हा मोजावी लागत नाही. कोठल्यातरी सर्व्हर रूममध्ये या क्षणीही हिरवे दिवे लुकलुकत असतील, आणि पहाऱ्यावरचा कोणी तरुण तंत्रज्ञ ते पाहून निश्चिंत असेल. त्या दिव्यांना आपण काय विचारले आहे आणि काय विचारायचे राहिले आहे, याची यादी त्याने एकदा करून पाहावी. नाडी पाहणाऱ्याचे खरे कौशल्य तेथेच असते.

(समाप्त)